पंचेचाळीस हजारांची रील घ्यावी का? कर्ली खाडीतला माझा अनुभव

पावसाळा ओसरला तशी माझ्या जुन्या बेटकास्टरची, म्हणजे मासे गरवताना गळाची दोरी गुंडाळणाऱ्या रीलची, कुरकुर वाढली. दोरी सारखी पसरवणारं लेव्हलवाइंड मध्येच अडखळायचं आणि मासा लागल्यावर झटका मारला की हँडल पाव फेरा उलटं जायचं. हँडलला उलटं फिरू न देणारं आतलं वन-वे बेअरिंग गेल्याची ही खूण. सहा हजारांच्या त्या रीलने खाऱ्या पाण्यात काही वर्षं इमानाने काढली होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. नवीन रील घ्यायची हे लगेच ठरलं. किती पैसे घालायचे हे ठरायला मात्र अख्खा हंगाम गेला.

बाजारात ढोबळमानाने तीन पायऱ्या दिसत होत्या. पाच-सहा हजारांपासून सुरू होणाऱ्या रील. मग पंधरा ते वीस हजारांच्या आसपासच्या, ज्यात शिमानो आणि दाइवाची मधली फळी येते. आणि त्यावर, बाहेरून मागवली तर कस्टम ड्युटी धरून चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात जाणारी जपानी रील. माझं मन तिसऱ्या पायरीवर होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. एकदाच घ्यावी, चांगली घ्यावी, परत बघायला नको, असा विचार. पण पंचेचाळीस हजार ही माझ्या घरात चर्चेशिवाय खर्च होणारी रक्कम नव्हे, आणि बायकोने विचारलेला प्रश्न रास्त होता: "म्हणजे त्यात जास्तीचं नेमकं काय मिळतं?" मला धड उत्तर देता आलं नाही. ते शोधायचं म्हणून मी कामाला लागलो.

आधी मी कुठे आणि कसा गरवतो ते सांगतो, कारण सगळा निर्णय त्यावरच फिरला. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून आत खाडीत दोन्ही काठांना कांदळवन आहे. भरती ओसरायला लागली की मुळांमधलं पाणी बाहेर निघतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी बोयटं बाहेर येतात, आणि त्यांच्यावर टपून तांबोशी, जिताडा, कधी गोबरा मुळांच्या तोंडाशी उभे असतात. छोट्या होडीतून काठापासून पंधरा-वीस मीटरवर राहायचं आणि ल्युअर, म्हणजे नकली आमिष, मुळांच्या वीतभर अलीकडे उतरवायचं. आमचे होडीवाले काका मागून सांगत असतात, "थंय मुळात टाक, भायेर नको." दोन हात बाहेर पडलेलं ल्युअर तांबोशी बघतसुद्धा नाही. आणि घेतलं, की घेतल्या क्षणी मागे वळून मुळांत घुसते. तिथे ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणारी रीलमधली पकड, सुटून दोरी गेली की खेळ संपला. अंगठा स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या रिळावर, दाबून तिला पहिल्या हातभर अंतरातच रोखावं लागतं.

म्हणजे मला लागतो तो नेम, कमी उंचीची फेक आणि अंगठ्याखाली विश्वासाने थांबणारं स्पूल. लांब फेक माझ्या कामाची नाही. वीस मीटरच्या पुढे समोर झाडच असतं.

योगायोगाने पुण्याच्या एका मित्राकडे शिमानोची २०२० साली आलेली मेटॅनियम, म्हणजे तिसऱ्या पायरीवरचीच रील, होती. तो गोड्या पाण्यात मरळीसाठी ती वापरतो. मी विचारतोय म्हटल्यावर त्याने ती हंगामभरासाठी माझ्याकडेच देऊन टाकली. अट एकच, खाडीतून आल्यावर त्याच रात्री धुवायची. अशी वस्तू असा विश्वास ठेवून देणारे मित्र मिळणं हे भाग्यच.

मेटॅनियम हातात घेतली की पैसे कुठे गेलेत ते पहिल्याच मिनिटात कळतं. वजन १७५ ग्रॅम. मॅग्नेशियमची अंगकाठी, त्यामुळे हातात भरीव लागते पण जड लागत नाही. हँडल फिरवलं तर दातेरी चाकांची जाणीवच होत नाही, इतके बारीक दाते एकमेकांत बसतात. साइड प्लेट उघडून स्पूल बाहेर काढलं आणि दोन बोटांत धरलं, तेव्हा मात्र मी खरा थबकलो. माझ्या जुन्या रीलचं स्पूल शेजारी ठेवलं तर ते डबीच्या झाकणासारखं जाड आणि हे जवळजवळ कागदी. भिंती पातळ, सगळीकडे भोकं पाडलेली, फुंकर मारली तरी बेअरिंगवर फिरत राहतं.

इथे थोडं यंत्राबद्दल बोलायला हवं, कारण हा विषय कळल्यावरच मला किंमत कळली. साध्या स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल स्थिर असतं, दोरी त्याच्या कडेवरून सुटत जाते. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतं. ल्युअर दोरी ओढतं, दोरी स्पूल फिरवते. सुरुवातीला ल्युअरला ते स्थिर स्पूल हलवावं लागतं आणि नंतर ल्युअरचा वेग कमी झाला तरी स्पूल मात्र आपल्याच जोरात फिरत राहतं. ल्युअर मागते त्यापेक्षा जास्त दोरी स्पूल सोडायला लागलं की झाला गुंता, ज्याला आपण सगळे बॅकलॅश म्हणतो. स्पूल जितकं जड, तितकं ते उशिरा हलतं आणि उशिरा थांबतं. त्यातही बाहेरच्या घेराजवळचं वजन सर्वांत जास्त त्रास देतं, कारण जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणून हलकं ल्युअर आणि जड स्पूल यांचं कधीच जमत नाही.

मैदानावर टेप टाकून मी दोन्ही रील एकाच रॉडवर, एकाच जातीची ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, भरून फेकून पाहिल्या. २१ ग्रॅमच्या ल्युअरला फरक सांगण्यासारखा नव्हता. १४ ग्रॅमला मेटॅनियम दोन-तीन मीटर पुढे. १० ग्रॅमला फरक चांगलाच जाणवायला लागला, आणि ७ ग्रॅमच्या रबरी कोळंबीला तर दोन वेगळीच यंत्रं वाटली. जुनी रील ती कोळंबी फेकायची म्हणजे हात झोकून द्यावा लागायचा, आणि झोकून दिलं की गुंता ठरलेला. मेटॅनियमवर नुसतं मनगट फिरवलं की ती सरळ, सखल निघायची.

खाडीत याचा अर्थ काय होतो ते सांगतो. कांदळाची फांदी पाण्यावर हातभर उंचीला लोंबतेय, तिच्याखाली काळोखी जागा आहे, मागे मुळं. तिथे ल्युअर वरून टाकता येत नाही. रॉडचं टोक पाण्याजवळ नेऊन मनगटाने बाजूने फिरवायचं, ल्युअर पाण्याला जवळजवळ घासत आत जायला हवं. या फेकीत ताकद लावायला जागाच नसते. स्पूल त्या एवढ्याशा झटक्यावर उठलं पाहिजे. मेटॅनियम उठायची. एका सकाळी सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्या लागल्या त्याच काळोख्या जागेत कोळंबी गेली, मी अंगठ्याने स्पूल हलकेच दाबून तिला मुळांच्या अलीकडे उतरवलं, आणि दोरी सरळ व्हायच्या आत तांबोशीने घेतली. जुनी रील असताना ती जागा मी इतकी वर्षं नुसती बघत पुढे जायचो.

त्या दिवशी मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं की हीच घ्यायची. पण मग रात्री रील धुवायला बसलो.

खाऱ्या पाण्यातली रील धुणं हे मी नेमाने करतो. ड्रॅग घट्ट करायचा म्हणजे पाणी वॉशरमध्ये जात नाही, गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची, जोरात पाइप मारायचा नाही कारण त्याने मीठ आत ढकललं जातं, मग झटकून, पुसून, ड्रॅग सैल करून वाऱ्यावर ठेवायची. मित्राची वस्तू म्हणून त्या रात्री मी भिंगाखाली बघत होतो. रॉडला जिथे रीलचा पाय बसतो तिथे कडेला रंगाचा एक टवका आधीच उडालेला होता आणि त्याच्याभोवती पांढुरकी भुकटी दिसत होती. मॅग्नेशियम हा अतिशय हलका धातू, पण खाऱ्या पाण्याशी त्याचं वैर आहे. रंगाचा थर शाबूत आहे तोवर ठीक. एकदा तो फुटला की क्षार आतून खात जातात. गोड्या पाण्यातल्या मित्राला ही अडचण कदाचित कधी येणारही नाही. होडीच्या काठावर रोज घासल्या जाणाऱ्या, गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या माझ्या रीलला ती हमखास येणार. मी ती जागा साफ करून तिथे ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, वापर तू, माझ्याकडेच उडालाय तो टवका.

तिथून माझा प्रश्न बदलला. ही रील चांगली आहे यात शंका उरली नव्हती. तिच्या कुठल्या भागाचे पैसे मला खाडीत परत मिळतात आणि कुठल्या भागाचे मिळत नाहीत, हे वेगवेगळं काढायला मी बसलो.

ड्रॅगपासून सुरुवात केली. मेटॅनियमचा कमाल ड्रॅग ५ किलो. माझी ब्रेड लाइन ३० पौंडांची, म्हणजे १३.६ किलो. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर लावायचा हा रूढ हिशेब धरला तर साडेचार किलो. मधल्या फळीतल्या रीलही ५ किलोच्या आसपासच ड्रॅग देतात. इथे जास्तीचे पैसे काहीच देत नाहीत. शिवाय मुळांपाशी खरा ड्रॅग आपला अंगठाच असतो.

गिअर रेशोचंही, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती फेरे घेतं त्याचंही, तसंच. ३४ मिलिमीटर व्यासाचं भरलेलं स्पूल एका फेऱ्यात सुमारे १०.७ सेंटिमीटर दोरी ओढतं. ६.३ च्या रेशोला हँडलच्या एका फेऱ्यात ६७ सेंटिमीटर, ८.१ ला ८६. जिताडा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा ढिली पडलेली दोरी झटकन ओढायला वरचा रेशो बरा, तांबोशीला ताकदीने ओढून काढायला खालचा. हा निवडीचा भाग आहे आणि दोन्ही रेशो स्वस्तातही मिळतात.

वजनाचा मोह मला बराच होता. मधल्या पायरीवरची दाइवाची टॅट्युला एसव्ही, २०२० ची आवृत्ती, मेटॅनियमपेक्षा थोडी जड. फरक साधारण माझ्या एका ल्युअरएवढा. सकाळपासून दुपारपर्यंत सतत फेकत राहिलं की मनगटाला तो कळतो हे खरं, पण त्यासाठी मॅग्नेशियम घ्यायचं आणि मग त्या धातूला खाडीपासून जपत बसायचं, हे मला पटेना. टॅट्युलाची अंगकाठी ॲल्युमिनियमची आहे. तिलाही मीठ चालत नाही, पण ती बरंच सोसते.

राहिलं स्पूल आणि ब्रेक. आणि इथेच मला जे हवं होतं ते सगळं होतं. शिमानोच्या ब्रेकमध्ये छोटे शू केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकले जातात आणि घासून स्पूल आवरतात. दाइवाच्या एसव्ही प्रकारात स्पूलच्या बाजूची धातूची कडी वेग वाढला की चुंबकांमध्ये सरकते, तिच्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते स्पूलला मागे खेचतात. वेग उतरला की कडी परत आत. म्हणजे गुंत्याचा धोका सर्वांत जास्त असतो तेव्हाच, फेकीच्या आरंभी, जास्त ब्रेक मिळतो. आणि स्पूल मुद्दाम उथळ व हलकं. हे स्पूल मधल्या पायरीच्या रीलमध्येही मिळत होतं.

डिजिटल ब्रेकवाली, म्हणजे डीसी रीलही मी बघितली, नाही म्हणजे हिशेब अपुरा राहिला असता. शिमानोने हे तंत्र २००३ मध्ये अँटारेस डीसीमध्ये आणलं, २०१८ ला कुराडो डीसीमधून ते अमेरिकेत अडीचशे डॉलरपर्यंत खाली आलं आणि २०२० ला एसएलएक्स डीसीमुळे आणखी स्वस्त झालं. आतल्या चिपला बॅटरी लागत नाही, फिरणारं स्पूलच तिच्यासाठी वीज तयार करतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागागणिक वेग तपासून ब्रेक लावला जातो. फेकताना येणारा तो किणकिणता आवाज ऐकूनच लोक प्रेमात पडतात. एका ओळखीच्यांची डीसी रील मी दुपारी खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर फेकून पाहिली. समोरून वारा असताना ल्युअर हवेत अडतं, तिथे साध्या ब्रेकवाल्या रीलवर अंगठा फार जागरूक लागतो. डीसीने ते अलगद सांभाळलं. नव्याने शिकणाऱ्याला मी बेधडक सांगेन की गोड्या पाण्यासाठी ही घे. पण तो ब्रेकचा भाग सीलबंद असतो, घरी उघडून दुरुस्त करता येत नाही. मालवणात बसून तो बिघडला तर पुढे काय, याचं उत्तर मला कुणाकडे मिळालं नाही. ज्या विक्रेत्याकडे मी जपानी रीलची चौकशी करत होतो, त्याने वॉरंटी जपानातच चालते हे तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं.

दुरुस्तीच्या विचारात असतानाच आमच्या शेजारच्या तात्यांची रील आठवली. तात्या आखातात नोकरीला होते, तिकडून त्यांनी आबू कंपनीची अँबॅसेडर आणली होती, जुनी गोल बांध्याची, लाल. ती स्वीडनच्या स्वेंग्स्टा गावात बनायची. त्या कंपनीची सुरुवात १९२१ मध्ये खिशातल्या घड्याळांच्या कारखान्यापासून झाली, पुढे टॅक्सीचे मीटर बनवले, मग रीलकडे वळले. तात्यांच्या परवानगीने मी ती उघडली. बाजूचे तीन हाताचे स्क्रू सैल केले की अर्धी रील हातात येते. पितळी गिअर, साधे शू, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा. दोन बेअरिंग आणि लेव्हलवाइंडचं छोटं पॉल, म्हणजे खाचेत सरकणारी खुंटी, तात्यांनी कधीतरी बदललंय, बाकी सगळं मूळचं, आणि अजून फिरतं. हलकं ल्युअर ती अजिबात फेकत नाही, माझ्या कामाची ती नाहीच. पण खाऱ्या हवेत ती इतकी टिकली, कारण ती उघडता येते आणि तात्या ती उघडतात.

म्हणून मी विकत घ्यायच्या रीलचं सगळे भाग सुटे दाखवणारं चित्र आधी बघितलं. कुठली बेअरिंग साध्या मापाची आहेत, पिनियन (स्पूल फिरवणारं छोटं दातेरी चाक) आणि वर्म शाफ्टपर्यंत (पॉल ज्याच्या खाचेत सरकतं तो दांडा) किती स्क्रू काढून पोचता येतं, कुठले सुटे भाग भारतात मिळतात हे विचारलं. माझ्या अनुभवात खाडीतल्या रीलमध्ये आधी जातात ती स्पूलची बेअरिंग, मग वर्म शाफ्ट आणि पॉल, मग वन-वे बेअरिंग. पैकी पहिली दोन घरी बदलता येतात आणि काही शेकड्यांत काम होतं.

मधल्या काळात जुन्या रीलवर एक गोष्ट करून पाहिली आणि तिने मला बरंच शिकवलं. तिच्यावर दीडशे मीटर ब्रेड भरलेली होती. ब्रेड पाणी पिते, भिजली की स्पूल आणखी जड. खाडीत मला वीस मीटर फेक आणि मासा पळाला तर थोडी शिल्लक, एवढंच लागतं. मी सत्तर-ऐंशी मीटर ठेवून बाकीची काढून टाकली. १० ग्रॅमचं ल्युअर लगेच सुधारलं. हँडलच्या फेऱ्याला दोरी थोडी कमी येते, कारण भरणीचा व्यास घटतो, पण फुकटात मिळालेला फायदा त्याहून मोठा होता. ज्यांना आत्ता नवीन रील घ्यायची नाही त्यांनी हे आजच करून पाहावं.

शेवटी टॅट्युला एसव्ही घेतली, ६.३ रेशोची. मेटॅनियमशी शेजारी ठेवून पुन्हा त्याच मैदानावर फेकली. ७ ग्रॅमच्या कोळंबीला मेटॅनियम थोडी सरस वाटली, आणि हँडलची ती लोण्यासारखी फिरकी टॅट्युलाला नाही. फांदीखालच्या बाजूच्या फेकीत मात्र मला फरक करता येईना, आणि माझा सगळा हंगाम त्या फेकीवर चालतो. किमतीतला फरक निम्म्याहून जास्त. उरलेल्या पैशातून एक जोड जादा स्पूल बेअरिंग, एक वर्म शाफ्ट आणि पॉल, चांगलं तेल आणि ग्रीस मागवून ठेवलं, आणि काकांच्या होडीचे पुढचे काही फेरेही त्यातच बसले.

मला कुणी विचारलं तर मी आधी त्याला तीनच गोष्टी विचारतो: पाणी गोडं की खारं, ल्युअर किती ग्रॅमचं, आणि रील तू स्वतः उघडतोस का. गोड्या पाण्यात, सात-आठ ग्रॅमच्या आतली ल्युअर रोज फेकणाऱ्या माणसाला मी पंचेचाळीस हजारांची रील घेऊ नको असं म्हणणार नाही. त्याला त्यातला प्रत्येक रुपया हाताला लागेल. १४ ग्रॅमच्या पुढची ल्युअर फेकणाऱ्याला पहिल्या पायरीवरूनही भागतं, फक्त बेअरिंग बदलून घ्यावीत. सहा हजारांवरून अठरा-वीस हजारांवर जाताना माझ्या फेकीत जो फरक पडला, तेवढा फरक त्यापुढच्या पंचवीस हजारांनी पाडला नाही.

मेटॅनियम मी मित्राला परत दिली, धुऊन, बेअरिंगला तेल घालून. टवक्याजागी त्याने रंग लावून घेतलाय. जुन्या रीलचं वन-वे बेअरिंग बदललं आणि ती आता भाच्याच्या रॉडवर आहे, २० ग्रॅमच्या ल्युअरला ती अजूनही छान चालते.